सॉफ्टवेअरच्या परिषदेत बिघाडाला जागा हवी

नाशिकमध्ये सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा मेळावा भरतो तेव्हा तो बहुधा रविवारी, एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सभागृहात भरतो. निमंत्रणावर साडेनऊची वेळ असते आणि दीपप्रज्वलन सव्वादहाला होते. मग पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे आभार आणि कॉलेजच्या वतीने ‘दोन शब्द’ होतात, आणि पहिला वक्ता माइकजवळ पोहोचेपर्यंत अकरा वाजून गेलेले असतात. एवढे होऊनही त्या वक्त्याने काही कामाचे सांगितले तर माझी तक्रार नाही. परंतु गेल्या काही वर्षांत मी अशा मेळाव्यांत ऐकलेली बरीचशी भाषणे दोनच प्रकारांत मोडतात. पहिला प्रकार ‘कृत्रिम बुद्धिमत्ता तुमची नोकरी घेणार का’ या धर्तीच्या भविष्यकथनाचा, आणि दुसरा एखाद्या नव्या टूलच्या ओळखीचा, जी ओळख त्या टूलच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत अधिक नेटकेपणाने लिहिलेली असते. श्रोते टाळ्या वाजवतात, चहा घेतात आणि सोमवारी कामावर बसतात तेव्हा त्यातले फारसे काही हाताशी उरलेले नसते.

प्रोग्रॅमरांनी स्वतःच्या हौसेने, वर्गणीने आणि सुट्टीच्या दिवशी भरवलेल्या परिषदेचे व्यासपीठ प्रामुख्याने प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या कथनासाठी राखले पाहिजे, आणि त्या कथनात वक्त्याचा कोणता अंदाज चुकला हे आलेच पाहिजे, असे माझे मत आहे. ‘प्रॅक्टिकल टॉक’ हा शब्द आपल्याकडे सैलपणे वापरला जातो. पडद्यावर कोड दिसला की भाषण प्रॅक्टिकल झाले, अशी आयोजकांची समजूत असते. मला तो शब्द घट्ट करून हवा आहे, आणि त्यासाठी माझ्याच एका फसगतीची हकिकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका अडत्याच्या पेढीसाठी मी एक छोटी प्रणाली लिहिली. कांद्याचा लिलाव होऊन काट्यावर वजन झाले की शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत एसएमएस जावा, एवढेच काम होते. मजकूर असा होता: ‘आपल्या ट्रॉलीतील २२ क्विंटल ४० किलो कांद्याचा लिलाव १८५० रुपये दराने झाला.’ एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात हे मला पाठ होते आणि हा मजकूर त्याच्या निम्माही दिसत नव्हता. महिनाअखेरीस बिल आले ते मी पेढीला सांगितलेल्या रकमेच्या दुप्पट. माझा पहिला संशय माझ्याच कोडवर गेला. नेटवर्क अडखळले की संदेश पुन्हा पाठवणारा भाग मी लिहिला होता, तोच प्रत्येक संदेश दोनदा पाठवत असणार असे मी धरून चाललो आणि दोन दिवस तो भाग उलटसुलट तपासत बसलो. त्यात दोष नव्हता. एसएमएस पुरवणाऱ्या कंपनीच्या अहवालात ‘युनिट’ नावाचा एक रकाना होता आणि तेथे प्रत्येक संदेशापुढे २ हा आकडा उभा होता. तो अहवाल पहिल्या दिवसापासून माझ्याकडे येत होता आणि मी तो उघडलाच नव्हता.

कारण समजायला त्यानंतर फार वेळ लागला नाही. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. साध्या इंग्रजी मजकुरातील प्रत्येक चिन्ह ७ बिटांत बसते, म्हणून १६० चिन्हे. देवनागरी त्या ७ बिटांच्या तक्त्यात नसल्यामुळे संदेश जगभरच्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडमध्ये जातो, प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात आणि मर्यादा ७० वर येते. मजकूर ७० च्या पुढे गेला तर तुकडे जोडण्याची माहितीही त्याच १४० बाइटांत बसवावी लागते, म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हेच उरतात. आता वरचा मजकूर मोजून पाहा. डोळ्यांना त्यात आकड्यांसह ३४ अक्षरे दिसतात आणि मोकळ्या जागा व पूर्णविराम धरले तर ४६. संगणकाला मात्र ‘द्या’ हे एक अक्षर दिसत नाही. त्याला द, त्याचा पाय मोडणारे चिन्ह, य आणि काना अशी चार चिन्हे दिसतात. त्या हिशेबाने हा मजकूर ७४ चिन्हांचा होतो. म्हणजे चार चिन्हांसाठी प्रत्येक शेतकऱ्यामागे दुसऱ्या एसएमएसचे पैसे लागत होते. पहिला ‘आपल्या’ हा शब्द त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेसह काढला की ६७ उरतात. वजन तीन आकडी झाले तरी ६८ होतात आणि संदेश एकातच जातो. अशा संदेशांचे साचे आधी नोंदवून मंजूर करून घ्यावे लागत असल्याने तो एक शब्द काढण्यासाठीही पुन्हा कागदपत्रे करावी लागली, ही गोष्ट वेगळी.

या हकिकतीत मोठे तंत्रज्ञान कोठेही नाही. परंतु ती नीट सांगितली तर २५ मिनिटांत ऐकणाऱ्याला युनिकोड म्हणजे काय हे कळते, देवनागरीतील अक्षर आणि संगणकाचे चिन्ह यांतला फरक कळतो, बिट आणि बाइटचा हिशेब कशासाठी शिकलो होतो ते आठवते, आणि अहवाल वाचायला हवा हेही कळते. ‘व्यवहारातले सांगू लागलात तर मूलभूत ज्ञान मागे पडेल’ हा आक्षेप म्हणूनच मला फारसा पटत नाही. मुळाशी जायला भाग पाडणारी गोष्ट बहुतेक वेळा अंगावर आलेले बिलच असते.

नाशिकच्या कामांत अशी उदाहरणे जागोजाग आहेत. सर्व्हर जागतिक वेळेवर ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. द्राक्षांच्या पॅकहाउसमधून १ एप्रिलला पहाटे चार वाजता कंटेनर निघाला तर सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा ३१ मार्चचे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. तारीख तशीच उचलून बिलावर छापली गेली तर तो माल मागच्या आर्थिक वर्षात जातो. हा दोष दुपारी चाचणी करणाऱ्याला कधीच सापडणार नाही. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत जुन्या यंत्रांच्या सीरियल पोर्टवरून आकडे ओढून काढणारी मुले आहेत, जीएसटीच्या बिलात पैशापैशाचा फरक का पडतो यावर रात्री जागवलेले लोक आहेत, आणि बागेत नेटवर्क नसताना भरलेली नोंद संध्याकाळी गावात आल्यावर दोनदा चढू नये म्हणून झगडलेले लोक आहेत. यांतील कोणालाही परिषदेत बोलावले जात नाही, कारण त्यांच्या नावापुढे मोठ्या कंपनीचे नाव नसते आणि त्यांना स्वतःलाही आपल्याजवळ सांगण्यासारखे काही आहे असे वाटत नाही.

टूलची ओळख करून देणाऱ्या भाषणांविषयी माझे मत कठोर आहे, हे मान्य करतो. एखादी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, कशी बसवायची, पहिला प्रोग्रॅम कसा चालवायचा, हे दहा वर्षांपूर्वी सभागृहात बसून शिकण्यात अर्थ होता. आज ते कोणत्याही व्हिडिओवरून घरबसल्या कळते आणि कोड लिहून देणारी साधने तर विचारल्या क्षणी सांगतात. ज्याने ती लायब्ररी सहा महिने वापरली, त्रास काढला आणि शेवटी सोडून दिली, त्याच्याजवळ मात्र असे काहीतरी असते जे त्या माहितीपुस्तिकेत कधी छापले जाणार नाही. ‘हे कसे वापरावे’ याऐवजी ‘आम्ही हे का बदलले’ असा विषय असेल तर नवी टूलेही व्यासपीठावर जरूर यावीत.

चूक उघड सांगण्याने पत जाते, ही भीती आपल्याकडे खोलवर आहे. तिला उत्तर म्हणून प्रोग्रॅमरांचा कोड ऑनलाइन सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीचे उदाहरण पुरेसे व्हावे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथील एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसच्या सर्व्हरवरच डेटा पुसण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन त्याने हात आवरेपर्यंत सुमारे ३०० जीबी माहितीतील जेमतेम साडेचार जीबी उरली होती. बॅकअपकडे धाव घेतली तेव्हा पाच वेगवेगळ्या व्यवस्थांपैकी एकीवरही विसंबता येत नाही असे दिसले. एका व्यवस्थेत तर डेटाबेसच्या आवृत्त्या जुळत नसल्याने बॅकअप होतच नव्हता, आणि तो होत नसल्याचे कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सुदैवाने हाती लागली आणि तीवरून सेवा पुन्हा उभी राहिली. हे सगळे काम चालू असताना कंपनीने आपल्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवल्या, दुरुस्तीचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केले आणि नंतर सविस्तर अहवाल लिहिला. त्या प्रसंगानंतर ‘आमचा बॅकअप आहे’ एवढ्यावर न थांबता ‘आम्ही तो परत चढवून पाहिला आहे का’ असा प्रश्न किती कार्यालयांत विचारला गेला असेल! बॅकअपचे महत्त्व सांगणाऱ्या शंभर गुळगुळीत स्लाइडना हे साधले नसते.

सामुदायिक परिषदांची परंपराही मूळची याच वळणाची आहे. पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या वापरकर्त्यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘येट अनदर पर्ल कॉन्फरन्स’ भरवली, ती व्यावसायिक परिषदांचे भरमसाट शुल्क ज्यांना परवडत नव्हते अशांसाठी. पुढच्याच वर्षी तेथे मार्क जेसन डॉमिनस यांनी पाच-पाच मिनिटांच्या ‘लाइटनिंग टॉक’चे सत्र घेतले, ज्यात वेळ संपली की घंटा वाजे आणि वक्त्याला उतरावे लागे. ही पद्धत नंतर जगभर पसरली. ब्रुसेल्सला भरणाऱ्या फॉस्डेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेला आजही प्रवेशशुल्क नाही आणि नावनोंदणीही नाही. आपल्याकडे पायथॉन या भाषेची परिषद पायकॉन इंडिया २००९ मध्ये बंगळूरुला सुरू झाली, तीही स्वयंसेवकांच्या बळावर. या सगळ्यांमागे एक साधा विचार होता, तो असा की काम करणाऱ्याने काम करणाऱ्याला सांगावे. पाच मिनिटांचे बंधन तर नवख्या वक्त्याला वरदानच असते, कारण एक चूक आणि तिचे कारण एवढेच त्यात मावते. घंटा वाजवणारा माणूस मात्र निर्भीड हवा. आपल्याकडे ज्येष्ठांपुढे घंटा वाजवायची कोणी, हा पेच दर वेळी येतो.

आता विद्यार्थ्यांचा मुद्दा. आयोजकांचे नेहमीचे म्हणणे असे असते की सभागृहातील निम्म्याहून अधिक श्रोते विद्यार्थी असतात, त्यांना प्रेरणा हवी असते, आणि एखाद्या अडत्याच्या एसएमएसमध्ये त्यांना रस वाटणार नाही. मला अनुभव उलटा आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये विद्यार्थ्याला सगळे काही चालते असे दाखवावे लागते, कारण गुण त्यालाच असतात. दुसऱ्याचे पैसे अडकलेले असताना मोडलेली प्रणाली त्याने कधी पाहिलेली नसते, आणि एक अनुभवी माणूस दोन दिवस चुकीच्या जागी शोधत राहिला हे ऐकून त्याला जो धीर येतो तो यशोगाथेतून येत नाही. यशोगाथेतला माणूस नेहमी फार पुढे गेलेला असतो. हजेरीच्या प्रमाणपत्रासाठी बसने आणलेल्या मुलांना काहीच रुचणार नाही हे खरे, पण त्यावर उपाय भाषण पातळ करण्याचा नसून बस न पाठवण्याचा आहे.

याहून अवघड आक्षेप गोपनीयतेचा आहे आणि तो मी झटकून टाकू शकत नाही. नाशिक लहान आहे. ‘एका पॅकहाउससाठी काम करताना’ एवढे म्हटले तरी पहिल्या तीन रांगांत बसलेल्यांना ते पॅकहाउस कोणते हे कळते, आणि दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा फोन येतो. मोठ्या कंपनीत काम करणाऱ्याला करारानेच तोंड बांधलेले असते. वक्त्याने ग्राहकाचे नाव, रकमा आणि ओळख पटवणारे तपशील गाळून बिघाडाची यंत्रणा तेवढी ठेवावी, हवे तर तेवढाच दोष दाखवणारा छोटा कोड नव्याने लिहून आणावा, हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे काही भाषणांचे रेकॉर्डिंग न करणे. हल्ली प्रत्येक भाषण यूट्यूबवर चढवण्याचा आग्रह असतो, आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की वक्ता आपोआप जाहिरातीच्या भाषेत शिरतो. एवढे करूनही काही गोष्टी सांगता येणार नाहीत. त्या सांगू नयेत. ग्राहकाला विश्वासात घेऊन परवानगी विचारणे मात्र आपण जितके अशक्य समजतो तितके नसते. माझ्या अडत्याने ‘नाव घेऊ नका, बाकी खुशाल सांगा’ असे म्हटले होते आणि वर, ते बिल तुम्हीच भरले हेही सांगा, अशी पुस्ती जोडली होती.

प्रायोजकांविषयी थोडक्यात सांगतो. सभागृहाबाहेर टेबल, फलक, जेवणाच्या कुपनांवर नाव हे सगळे प्रायोजकाला द्यावे. व्यासपीठावरील वेळ विकू नये. पैसे कमी पडले तर जेवणाऐवजी मिसळ ठेवावी. नाशिकमध्ये त्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही.

भाषेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या मेळाव्यांत भाषणानंतर ‘एनी क्वेश्चन्स?’ असे विचारले की सभागृह गप्प असते, आणि पाच मिनिटांनी चहाच्या टेबलाजवळ तेच लोक वक्त्याला घेरून मराठीत नेमके आणि टोकदार प्रश्न विचारतात. शंका इंग्रजीत मांडताना ती अर्धीच मांडली जाते, आणि चुकीची कबुली परक्या भाषेत दिली की ती पाठ केल्यासारखी वाटते. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात मे महिन्याच्या उकाड्यात वसंत व्याख्यानमालेला बसणारे हे शहर आहे. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० चे आहे. गंभीर विषय मराठीत ऐकण्याची सवय येथे नव्याने लावावी लागणार नाही. डेटाबेसला डेटाबेस आणि सर्व्हरला सर्व्हरच म्हणावे. त्यांचे पारिभाषिक प्रतिशब्द घडवण्यात कोणाचाही वेळ जाऊ नये. वाक्य मराठी असावे, एवढेच. मराठी न येणारे सहकारीही आता शहरात आहेत, त्यांच्यासाठी काही सत्रे हिंदी किंवा इंग्रजीत ठेवावीत आणि कोणते सत्र कोणत्या भाषेत आहे ते कार्यक्रमपत्रिकेवर स्पष्ट छापावे.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला असल्यामुळे या सगळ्याला आणखी एक धार आली आहे. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी अमेरिकेतील एमआयटीत संशोधन करणारे आणि मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने येथे ‘कुंभथॉन’ झाले होते आणि त्यातून पावलांच्या दाबावरून माणसे मोजणाऱ्या पायपट्टीसारख्या कल्पना प्रत्यक्ष वापरापर्यंत गेल्या. त्या कल्पनांचे कौतुक भरपूर झाले. मला ज्यात रस आहे ते दुसरेच आहे: ओल्या पायांच्या गर्दीखाली ती पट्टी किती तास टिकली, मोजणी कोठे चुकली, पर्वणीच्या दिवशी मोबाइल नेटवर्क कोंडले तेव्हा आकडे कोठे साठवले. आताही पार्किंग, निवास, हरवलेल्या माणसांचा शोध यांसाठी नव्या प्रणाली लिहिल्या जातील. त्या लिहिणाऱ्यांसमोर गेल्या वेळच्या मंडळींनी उभे राहून फसलेले अंदाज सांगितले, तर ते ऐकायला मी सुट्टी टाकून जाईन.

आयोजकांकडे माझी मागणी फार मोठी नाही. भाषणाचा प्रस्ताव मागवणाऱ्या अर्जात नाव, कंपनी, अनुभवाची वर्षे आणि समाजमाध्यमांवरील अनुयायांची संख्या विचारली जाते. त्यांतील शेवटचे तीन रकाने काढून एकच सक्तीचा रकाना घालावा: ‘हे काम करताना तुमचा कोणता अंदाज चुकला आणि तो तुम्हाला कसा कळला?’ निवड समितीने तो रकाना अर्जदाराचे नाव झाकून वाचावा. ज्याला तेथे चार ओळी लिहिता येत नाहीत त्याने ते काम बहुधा स्वतः केलेले नसते. पहिल्यांदाच बोलणाऱ्याला समितीतील एखाद्याने आधी दोनदा ऐकून घ्यावे, त्याच्या स्लाइडवरचा कोड शेवटच्या रांगेतून वाचता येतो का ते सभागृहात जाऊन पाहावे, आणि दीपप्रज्वलन करायचेच असेल तर ते साडेनऊच्या आत उरकावे.

ती एसएमएसची हकिकत मी मागे पंचवीस-तीस जणांच्या एका बैठकीत सांगितली होती. प्रश्नोत्तरांत एक तरुण उठला. तो कॉलेज रोडवरच्या एका क्लासचे सॉफ्टवेअर सांभाळत होता. त्याचे फीचे संदेश पूर्ण इंग्रजीत, शंभरेक चिन्हांचे होते, तरी त्यालाही दुप्पट बिल येत होते आणि मराठीचे कारण त्याला लागू नव्हते. मी त्याला मजकूर वाचून दाखवायला सांगितले. रकमेच्या आधी रुपयाचे नवे चिन्ह होते. ते ७ बिटांच्या तक्त्यात नाही, त्यामुळे त्या एका चिन्हापायी सगळा संदेश युनिकोडमध्ये जात होता आणि मर्यादा १६० वरून ७० वर येत होती. पुढचे भाषण सुरू झाले तेव्हा तो जागेवर नव्हता. बाहेर जिन्यात उभा राहून तो क्लासच्या मालकाला फोनवर सांगत होता की साचा बदलावा लागेल, मंजुरी पुन्हा घ्यावी लागेल, आणि तोवर फीच्या आठवणीचे संदेश दोन दिवस थांबवा.